मातीचा हिशेब, पाण्याचा हिशेब आणि विद्यापीठातील वर्ग

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर अतिवृष्टीचे जे संकट कोसळले, त्याच्या खुणा अजून शिवारांत दिसतात. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, कापसाची बोंडे झाडावरच सडली, जनावरे वाहून गेली. त्याहून खोल जखम झाली ती नदीनाल्यांच्या काठी. तेथे पिकाबरोबर खालची काळी मातीही पुराने खरडून नेली आणि वर आली ती केवळ वाळू व गोटे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, अशी त्यात तरतूद होती.

संकटात सापडलेल्या कुटुंबाला मिळणारा प्रत्येक रुपया मोलाचा आहे. तथापि या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. एक हेक्टर मातीची किंमत किती? जमीन पुन्हा वहितीखाली आणण्याचा खर्च काढता येतो. तो ट्रॅक्टरच्या खेपा आणि मजुरांचे दिवस मोजून निघतो. पण जी माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागली, तिच्या जाण्याने पुढील दहा हंगामांत उत्पन्न किती घटेल? तीच माती खालच्या बंधाऱ्यात साचली, तर बंधाऱ्याची साठवण किती कमी होईल? वरच्या डोंगरावरील झाडे तुटली नसती, तर यातील किती हानी टळली असती? या प्रश्नांची उत्तरे शोधणारे एक शास्त्र आहे. त्याला कृषी व पर्यावरण अर्थशास्त्र म्हणतात. ते आपल्या प्रदेशातील विद्यापीठांत कसे शिकविले जाते आणि कसे शिकविले जावे, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

हमीभावामागील अक्षरे

हा विषय दिसतो तितका पुस्तकी नाही. दरवर्षी खरिपाच्या तोंडावर केंद्र शासन हमीभाव जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. तो उत्पादन खर्चाच्या दीडपट आहे, असे सांगण्यात आले. हिशेब बरोबर आहे. ३,५५२ रुपयांची दीडपट ५,३२८ होते. मग शेतकरी संघटना खर्च भरून निघत नाही असे का म्हणतात?

उत्तर खर्चाच्या व्याख्येत आहे. कृषी मूल्य आयोग खर्च अनेक प्रकारे मोजतो. ‘ए-टू’ या खर्चात बियाणे, खते, औषधे, मजुरी, डिझेल, खंडाने घेतलेल्या जमिनीचे भाडे असा पदरचा खर्च येतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळविले की ‘ए-टू अधिक एफ-एल’ होतो. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की ‘सी-टू’ हा सर्वांत व्यापक खर्च येतो. दीडपटीचे सूत्र दुसऱ्या खर्चावर लावले जाते, शेतकरी संघटनांची मागणी तिसऱ्या खर्चावर ते लावण्याची आहे. एवढे समजले की वर्तमानपत्रातील अर्धा वाद उलगडतो. पहाटे उठून धारा काढणाऱ्या, दिवसभर खुरपणी करणाऱ्या घरच्या स्त्रीच्या श्रमाला कागदावर किंमत आहे की नाही, हा प्रश्न त्या अक्षरांत दडलेला आहे.

हे आकडे येतात कोठून? निवडलेल्या गावांतील निवडलेल्या शेतकऱ्यांच्या दैनंदिन नोंदींतून. महाराष्ट्रात हे काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाहते. म्हणजे लाखो कुटुंबांच्या मिळकतीशी निगडित असलेला निर्णय विद्यापीठाच्या माणसाने शेताच्या बांधावर बसून केलेल्या नोंदीवर उभा असतो. ती नोंद करणारा तरुण कसा शिकला, याला म्हणून महत्त्व आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. वर सांगितलेल्या तीनही प्रकारच्या खर्चांत विहिरीची पातळी किती खाली गेली, मातीतील सेंद्रिय अंश किती घटला, याची नोंद नसते. बोअरवेलने पाचशे फूट खोल जाऊन पाणी उपसले, तर वीज आणि मोटार खर्चात येते. संपलेले पाणी येत नाही. शेजाऱ्याची विहीर त्यामुळे आटली, तर ती त्याच्या नशिबाच्या खात्यावर पडते. एकाच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावरच पडणे, याला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० साली या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. पर्यावरण अर्थशास्त्राची इमारत बव्हंशी याच पायावर उभी आहे. कृषी अर्थशास्त्र वहीतील खर्च मोजते, पर्यावरण अर्थशास्त्र वहीबाहेर राहिलेला खर्च शोधते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात ही दोन शास्त्रे वेगवेगळी शिकविणे म्हणजे एका डोळ्यावर पट्टी बांधून चालण्यासारखे आहे.

आपल्याच अंगणातील वारसा

या विषयासाठी आपल्याला परदेशी उदाहरणांची गरज नाही. ज्यांचे नाव आपल्या शहरातील विद्यापीठाला आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात अर्थतज्ज्ञ होते. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय, या विषयावर त्यांनी १९१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तुकडे जोडून जमिनी मोठ्या केल्या की शेती सुधारेल, असे त्या काळचे विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी त्यावर मूलभूत आक्षेप घेतला. जमीन लहान की मोठी, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर किती श्रम आणि किती भांडवल लागते, त्या प्रमाणावरून ठरते. आपल्याकडे खरी अडचण आहे ती शेतीवर अवलंबून असलेल्या जादा मनुष्यबळाची, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

एका शतकानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ साली देशातील शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास केला. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरले. त्यात मजुरी व पगारातून ४,०६३ रुपये आले आणि पिकांतून ३,७९८ रुपये. शेतकरी म्हणविणारे कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगते, हे वास्तव आहे. वैजापूर-गंगापूरकडील आपल्या धर्मग्रामांतील किती तरुण वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत जातात, हे पाहिले म्हणजे १९१८ च्या त्या विवेचनाची धार कळते.

बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि दीर्घ लढ्यानंतर १९९४ साली त्याचा नामविस्तार झाला. या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने १९१८ चा तो निबंध मुळातून वाचावा आणि आपल्या गावाच्या सातबाऱ्याशी ताडून पाहावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरा वारसा गोदावरीचा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा केवळ पाणीपट्टीत मोजू नये. वाढलेले पीक, वाढलेली मजुरी, वाढलेला व्यापार हेही त्याचेच फळ आहे, असा त्या अभ्यासाचा रोख होता. पुढे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. प्राध्यापकाचे ज्ञान गावापर्यंत पोहोचल्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या अभ्यासातील कालवे वरच्या अंगाला, नाशिक-नगरकडे आहेत. खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, आणि लाभाबरोबर वाटपाचा प्रश्न उभा राहिला. वरच्या शेतकऱ्याने एक जादा पाळी घेतली, तर खाली कोणाचे रान कोरडे राहते? २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मांडले. प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली हे तत्त्व उचलून धरले. त्या टक्केवारीवर त्यानंतरही वाद होत राहिला. हा वाद वकील आणि राजकारणी लढतात. पण ६५ च्या जागी ६० किंवा ७० केले, तर पैठणच्या मोसंबीचे, कोपरगावच्या उसाचे आणि शहराच्या नळाचे काय होईल, हे मांडून दाखविणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. नाथसागर विद्यापीठापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. एवढी मोठी प्रयोगशाळा क्वचितच एखाद्या विद्यापीठाला लाभते.

तीन घरे, बंद दारे

आपल्या प्रदेशात या विषयाला तीन घरे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अर्थशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे विभाग आहेत. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकविले जाते. आणि आपल्याच शहरात, पैठण रस्त्यावर, १९८० सालापासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था म्हणजे ‘वाल्मी’ आहे. स्टॉकहोम जल पुरस्काराने १९९३ साली गौरविले गेलेले माधवराव चितळे यांच्यासारख्या जलतज्ज्ञाचे वास्तव्यही या शहराने अनुभवले. इतके असूनही अर्थशास्त्राचा पदवीधर माती परीक्षणाचा अहवाल वाचू शकत नाही, कृषी पदवीधराला पाण्याच्या दराचे राजकारण शिकविले जात नाही, आणि अभियंत्याला कालव्याच्या शेवटच्या टोकावरील कुटुंबाची जमाखर्चाची वही दिसत नाही, हे चित्र आपण सर्वजण पाहतो.

पर्यावरणाचा विषय सर्व विद्यार्थ्यांना शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला. त्यातून पुढे पदवी स्तरावर सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. हेतू उत्तम होता. परंतु पुष्कळ ठिकाणी तो एका प्रकल्पवहीपुरता उरला. मित्राची वही उतरवून घेतली की पर्यावरण संपले. ज्या विद्यार्थ्याच्या घरी टँकर येतो, त्याने ओझोनच्या थराचे चित्र काढून गुण मिळवावेत आणि टँकरच्या फेरीला किती खर्च येतो, तो कोण भरतो, याचा विचारही करू नये, हे शिक्षण अपुरे आहे.

ऊस आणि उपदेश

येथे काही वाचक विचारतील, की एवढे शिकून प्रश्न सुटणार आहेत का? शंका रास्त आहे. उसाचेच उदाहरण घ्या. राज्यातील पिकांखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, हे कृषी मूल्य आयोगाने अनेकदा नोंदविले आहे. मराठवाड्यात उसावर बंदी घालावी, अशी शिफारस विभागीय आयुक्त कार्यालयाने २०१९ साली शासनाकडे केली. त्याआधी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश दिला होता. एवढे होऊनही ऊस कमी झाला नाही. म्हणजे शेतकरी अडाणी आहे काय?

मुळीच नाही. त्याचा हिशेब पक्का आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना ऊस तोडून नेतो, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कायद्यात आहे. ते नेहमी पाळले जात नसले तरी मागणी करण्याचा आधार असतो. गारपिटीत ऊस बऱ्यापैकी टिकतो. याउलट तुरीला आणि सोयाबीनला हमीभाव असतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही आणि घरात पैशाची निकड असल्याने माल व्यापाऱ्याला कमी भावात द्यावा लागतो. अशा स्थितीत पाणी मिळताच ऊस लावणारा शेतकरी शहाणपणाने वागत असतो. दोष त्याच्यापुढे ठेवलेल्या भावांत आहे. त्या भावांत पाण्याची टंचाई कोठेच दिसत नाही. चांगले अर्थशिक्षण हे समजावून देते आणि उपदेश करणाऱ्यांना नम्र करते. ऊस सोडा असे सांगण्यापूर्वी तूर हमखास विकली जाईल अशी व्यवस्था मागावी लागते, हे त्यातून कळते.

२०२३ साली मराठवाड्यात एक हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. या मृत्यूंचे कारण कोणत्याही एका आकड्यात सापडणार नाही. पण कर्ज कोणत्या महिन्यात घेतले, कशासाठी घेतले, पीक गेल्यावर दुसरे उत्पन्न काय होते, अशी कुटुंबागणिक माहिती गावपातळीवर असती, तर मदत कोठे आधी पोहोचावी हे तरी कळले असते. जमाखर्चाची वही येथे जीवनमरणाची गोष्ट होते.

गाव जेव्हा हिशेब शिकते

ज्ञान गावात उतरले की काय घडते, याची उदाहरणे जवळच आहेत. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गाव पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्यासाठी किती राखायचे, यावरून रब्बीची पिके ठरतात. सामाईक संसाधने लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात, हे दाखविल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा सिद्धान्त समजून घ्यायला हिवरे बाजारची एक ग्रामसभा पुरेशी आहे.

येथे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांचे स्मरण करणे उचित ठरेल. स्वित्झर्लंडहून आलेल्या या धर्मगुरूंनी नगर परिसरात अनेक दशके काम केले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची उभारणी त्यांच्या प्रयत्नांतून झाली. गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, मगच निधी यावा, हा तेथील दंडक होता. २०२१ साली ते देवाघरी गेले. या कार्यक्रमातील संगमनेर तालुक्यातील कुंभारवाडी या गावाचा अर्थशास्त्रीय अभ्यास २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. खर्चाच्या तुलनेत लाभ दुपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले. डोंगरावर खोदलेल्या चराचे उत्तर पंधरा वर्षांनंतरच्या बाजारपेठेतील मालात मिळाले. असा अभ्यास मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातील गावांत, मराठीतून का करू नये?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आणि त्यापूर्वी पोप बेनेडिक्ट यांनीही हेच सांगितले होते, की सृष्टीतील सामाईक संपत्ती वापरण्याचा खरा खर्च उघडपणे मोजावा आणि ज्याने ती वापरली त्याने तो सोसावा. तो इतरांवर किंवा पुढच्या पिढ्यांवर ढकलू नये. विद्यापीठातील पर्यावरण अर्थशास्त्राचा पहिला धडा याहून वेगळा नाही.

काय करता येईल?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्काला गुण मिळू लागले आहेत. ही संधी घ्यावी. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील पाच कुटुंबांचा एका खरीप हंगामाचा संपूर्ण जमाखर्च लिहावा. त्यात घरच्या श्रमाचे मोल धरावे आणि ऑक्टोबर व मे महिन्यातील विहिरीची पातळीही नोंदवावी. तीनही घरांतील अध्यापकांनी वर्षातून काही तासिका एकमेकांच्या वर्गात घ्याव्यात. या विषयाची सोपी, इथल्या उदाहरणांची पाठ्यपुस्तके मराठीत लिहिली जावीत. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी जड जाते, त्याच्याच घरी हा विषय रोज जगला जातो.

आपल्या धर्मग्रामांनीही वाट पाहत बसू नये. बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे अर्थशास्त्र हा दुसरे काही न मिळाल्यास घ्यावयाचा विषय मानला जातो. पालकांनी हा समज सोडावा. ज्याला शेतीची ओढ आहे आणि आकड्यांची भीती नाही, अशा मुलामुलींना या वाटेने जाण्यास उत्तेजन द्यावे. आपल्या शाळांच्या सभागृहांत, महिला मंडळांत आणि बचत गटांत खरिपापूर्वी हिशेबवही कशी ठेवावी, याचा एक वर्ग सहज घेता येईल. त्यासाठी गावातील एखादा पदवीधर, दोनशे पानी वही आणि विहिरीत सोडण्यासाठी गाठी मारलेला दोर एवढे साहित्य पुरते. ज्या धर्मग्रामात असा उपक्रम सुरू होईल, तेथील नोंदी वर्षअखेरीस आम्हांकडे पाठवाव्यात. त्या आम्ही अवश्य प्रसिद्ध करू.